पोपटाचा प्रवास : पेटी कशी निवडावी?

पोपटाला कशातून न्यावे-आणावे, या विषयाचे आरोग्याच्या सदरात काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेलच. पण हा लेख लिहिण्यामागे एक घडलेली घटना आहे, ती आधी सांगतो.

मे महिन्याचे दिवस होते. सकाळी हिंगणघाटहून एका वयस्क गृहस्थांचा फोन आला. घरी कॉकॅटील जातीचा पोपट आहे, नात त्याला चिकू म्हणते, त्याची नखे फार वाढली आहेत आणि दांडीला अडकतात, अशी तक्रार होती. धंतोलीत माझा लहानसा पशुदवाखाना आहे. धंतोली म्हणजे नागपुरातील दवाखान्यांची वस्ती. विदर्भाच्या सगळ्या जिल्ह्यांतून येथे रुग्ण येतात, तसे माझ्याकडे प्राणी येतात. मी नखांविषयी चार प्रश्न विचारले आणि म्हणालो, “दुपारी चारला घेऊन या, त्या वेळी गर्दी नसते.”

चारच्या सुमारास आजोबा आणि सात-आठ वर्षांची नात आली. आजोबांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बुटांचा खोका आणि खोक्याला सुतळी. झाकणाला खिळ्याने पाडलेली बारीक भोके होती. दीडच्या एस.टी.ने निघून, गणेशपेठच्या स्थानकावर उतरून ते ऑटोने आले होते. मी सुतळी सोडली. पक्षी कुशीवर पडला होता, चोच उघडी होती, पंख अंगापासून दूर पसरले होते. तो वाटेतच गेला होता.

“खिडकीशीच बसलो होतो जी. भोकंही पाडली होती,” आजोबा म्हणाले. नात काही बोलली नाही. तिने खोका परत मागितला.

नखे कापायला पाच मिनिटे लागली असती. पक्ष्याला कोणताही मोठा आजार नव्हता. तो प्रवासाने गेला. यात मोठी चूक माझी होती, हे मी मोकळेपणाने सांगतो. मे महिन्यात दुपारची वेळ मी दिली आणि “कशातून आणणार?” हा प्रश्न मी विचारलाच नाही. तेव्हापासून बाहेरगावाहून पक्ष्यासाठी फोन आला की माझा पहिला प्रश्न तोच असतो. त्या प्रश्नाचे उत्तर वाचकांना आधीच ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख.

कोणता पोपट?

आपल्याकडे ‘पोपट पाळला’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो हिरवा, लाल चोचीचा आणि गळ्यात कंठी असलेला मिठू. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा मिठू, मोठा पहाडी पोपट, तुईया हे सर्व आपल्या देशातील वन्य पक्षी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे व घरी पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात या पोपटांना दुसऱ्या अनुसूचीत घेऊन अधिक संरक्षण दिले आहे. “आमच्याकडे आजीच्या काळापासून आहे” ही सबब कायद्याला चालत नाही.

मग अशा पोपटाला पिंजरा उघडून सोडून द्यावे काय? तसेही करू नये. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, लांब उडता येत नाही. कावळे व मांजरे त्याला संपवतात. वनविभागाच्या कार्यालयाशी बोलून तो त्यांच्या स्वाधीन करावा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तेथे वन्य प्राणी-पक्ष्यांवर उपचार होतात. तेथपर्यंत नेतानाही पुढे सांगितलेली दक्षता लागतेच.

घरी ठेवता येतात ते परदेशी मूळ असलेले पोपट : बजरीगर, कॉकॅटील, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे वगैरे. यातही फरक आहे. बजरीगर व कॉकॅटील यांची पैदास आपल्याकडे सर्रास होते आणि आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या सायटेस यादीत ते नाहीत. आफ्रिकन ग्रे मात्र जानेवारी २०१७ पासून या यादीच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. यादीतील पक्षी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करावी, असे केंद्र सरकारचे २०२४ चे नियम सांगतात. असा पक्षी घेऊन प्रवासाला निघताना नोंदणीच्या कागदाची प्रत बरोबर ठेवावी.

पक्ष्याला प्रवास का सोसत नाही?

पेटी कशी हवी, हे समजण्यासाठी पक्ष्याच्या शरीराची थोडी ओळख हवी.

माणसाच्या छातीखाली श्वासपटल असते, पक्ष्याला ते नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलवून तो हवा आत ओढतो आणि बाहेर टाकतो. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या त्याच्या अंगभर पसरलेल्या असतात. म्हणून पक्ष्याला मुठीत आवळून धरले किंवा कपड्यात घट्ट गुंडाळले, तर नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. फार अरुंद डब्यात दाबून बसवल्यावरही हाच धोका असतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पक्ष्याच्या शरीराचे तापमान मुळातच ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि त्याला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे, एवढेच उपाय त्याच्या हाती असतात. भोवतालची हवा कोंडलेली आणि दमट असेल, तर धापा टाकूनही उपयोग होत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी बंद खोका आणि वर प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे भट्टीच. चिकूचे हेच झाले.

तिसरी गोष्ट, लहान शरीर. बजरीगर तीस-चाळीस ग्रॅमचा, कॉकॅटील शंभर ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा देहात अन्नपाण्याचा साठा तो किती असणार? माणूस ज्या प्रवासात नुसता कंटाळतो, त्या प्रवासात पक्षी गळून जातो.

चौथी गोष्ट, आजार लपवण्याची सवय. रानात जो पक्षी अशक्त दिसतो, त्याला शिकारी आधी टिपतो. म्हणून पक्षी शेवटपर्यंत धडधाकट असल्याचे सोंग करतो. ‘वाटेत एकदम गेला’ असे लोक सांगतात. तो अर्ध्या-पाऊण तासापासून त्रासात असतो. आपल्याला ते दिसत नाही, कारण तो बंद खोक्यात असतो.

घरचा पिंजरा का चालत नाही?

बरेच लोक घरचा मोठा पिंजराच उचलून आणतात. हेतू चांगला असतो, पण घरचा पिंजरा हा राहण्यासाठी असतो. त्यात झोपाळा, आरसा, घंटी, पाण्याची वाटी असे सामान असते. एस.टी.ने ब्रेक मारला की हे सगळे पक्ष्याच्या अंगावर येते. चारी बाजूंनी उघडा असल्यामुळे वेगाने जाणारी वाहने, माणसे, कुत्री त्याला दिसत राहतात. घाबरलेला पक्षी गजांवर धडका घेतो. त्याचे पंख मोडतात, चोचीला इजा होते, पाय गजांत अडकतो. शिवाय अशा पिंजऱ्याचे दार वर सरकणारे असते. पिंजरा तिरपा झाला की ते आपोआप उघडते आणि पक्षी बसस्थानकाच्या छताकडे उडून जातो.

प्रवासासाठी वेगळी पेटी हवी. दुकानदार तिला कॅरिअर म्हणतात, आपण पेटी म्हणू. ती लहान असते, पण कोंदट नसते.

चांगल्या पेटीची लक्षणे

१) आकार : पक्षी दांडीवर ताठ बसला तर डोके वर लागू नये, शेपूट मागे भिंतीला किंवा खाली तळाला घासू नये आणि त्याला सहज मागे वळता यावे. यापेक्षा पेटी फार मोठीही नको. मोठ्या पेटीत पक्षी पंख फडफडवतो आणि प्रत्येक धक्क्याला इकडून तिकडे आपटतो. कॉकॅटील शेपटीसह साधारण ३० ते ३३ सेंटीमीटर लांब असतो. त्याच्यासाठी ४० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच पेटी पुरेशी होते. बजरीगर सुमारे १८ सेंटीमीटरचा, त्याला याहून बरीच लहान पेटी चालते. आफ्रिकन ग्रे अंगाने दांडगा आणि चोचीने बळकट, त्याला मोठी व भक्कम पेटी हवी. खरेदीला जाण्यापूर्वी पक्ष्याची लांबी दुरूनच, पट्टी पिंजऱ्याबाहेर धरून मोजावी.

२) भिंती : तीन बाजू बंद आणि एक बाजू जाळीची असावी. बंद भिंतींमुळे पक्ष्याला आडोसा मिळतो, जाळीतून आपल्याला तो दिसतो. संपूर्ण पारदर्शक पेट्या दिसायला सुंदर असतात, पण त्यांत पक्ष्याला लपायला जागा नसते आणि ऊन थेट आत शिरते. अशी पेटी असेल तर तीन बाजूंना पातळ सुती कापड लावावे.

३) हवा : बंद भिंतींनाही समोरासमोर छिद्रे हवीत, म्हणजे हवा एका बाजूने येऊन दुसरीकडून जाईल. नुसत्या झाकणाला भोके पाडून भागत नाही. प्रवासात वर काहीतरी ठेवले जाते आणि तीही बुजतात. छिद्रांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. छिद्र इतके मोठे नको की पक्ष्याचे डोके आत जाईल.

४) जाळी किंवा गज : बजरीगर व लव्हबर्डसाठी दोन गजांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे सव्वा सेंटीमीटर, याहून जास्त नसावे. कॉकॅटीलला पाऊण इंचापर्यंत चालते. डोके आत जाते आणि परत निघत नाही, असे अपघात मी पाहिले आहेत.

५) धातू : हा मुद्दा फारसा कोणाला माहीत नसतो. स्वस्त जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. हार्डवेअरच्या दुकानात तिला जी. आय. जाळी म्हणतात. पोपट चोचीने धरून चढतो, सतत कुरतडतो. जस्ताचे कण पोटात गेले की उलट्या, अशक्तपणा, हिरवट पातळ विष्ठा अशी विषबाधेची लक्षणे दिसतात. जुन्या तैलरंगात व डागकामात शिसे असते, ते त्याहून वाईट. म्हणून स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी आणि पेटीला आतून रंग देऊ नये.

६) दांडी : दांडी खाली असावी, तळापासून पाच ते आठ सेंटीमीटर, आणि दोन्ही टोकांना पक्की बसवलेली असावी. पक्ष्याची बोटे तिच्याभोवती बहुतांश वळतील एवढी तिची जाडी हवी. कॉकॅटीलला दीड ते दोन सेंटीमीटर ठीक. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांडीवर पाय घसरतो. लिंबाची किंवा पेरूची सालासकट फांदी धुऊन, वाळवून लावली तर उत्तम. पक्षी आजारी असेल, पायाला इजा असेल किंवा तोल जात असेल, तर दांडी काढून टाकावी व तळाला मऊ कापडाची घडी घालावी.

७) तळ : तळाला कोरा कागद किंवा सुती कापड अंथरावे. ज्यातून धागे निघतात असे टॉवेल टाळावेत, कारण नखे अडकतात. वाळू, लाकडाचा भुसा घालू नये, त्याची धूळ श्वासात जाते. कागद पांढरा असेल तर विष्ठेचा रंग नीट दिसतो आणि आम्हा डॉक्टरांना निदानाला मदत होते. दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी तळ साफ करून आणू नये.

८) दार व कडी : दार पक्ष्याच्या चोचीने न उघडणारे हवे. पोपट हुशार असतो; साधी आकडी तो काही दिवसांत उघडायला शिकतो. कडी बाहेरून असावी आणि वर एक लहान कुलूप किंवा चाप लावावा. दार एवढे रुंद असावे की आपला हात पक्ष्यासह सहज बाहेर येईल.

९) मूठ : वर मधोमध मूठ असावी, म्हणजे पेटी उचलल्यावर तिरपी होत नाही. लांब पट्ट्याने खांद्याला अडकवली की ती झुलते आणि पक्ष्याला गरगरते.

बाजारातील पेट्या व घरची पेटी

मांजरासाठी मिळणारी कडक प्लॅस्टिकची, पुढे जाळीचे दार असलेली पेटी थोडे फेरफार करून पोपटाला छान चालते. आत दांडी बसवून घ्यावी आणि बाजूच्या झरोक्यांतील अंतर तपासावे. कापडी पिशवीवजा पेट्या हलक्या असतात, पण पोपटाची चोच कापड व बारीक जाळी कातरते. बजरीगरासाठी थोड्या वेळापुरत्या ठीक, मोठ्या पोपटासाठी नाहीत.

गावात असे दुकान नसले तरी अडत नाही. कोणताही सुतार सहा ते नऊ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची पेटी करून देईल. पुढे स्टीलची जाळी, बाजूंना छिद्रे, खाली सरकता ट्रे आणि वर मूठ, एवढेच त्याला सांगायचे. खिळ्यांची टोके आत राहू देऊ नयेत. डिंकाचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी आठवडाभर उघड्यावर वाळवावी. पॉलिश करू नये.

बुटांच्या किंवा पुठ्ठ्याच्या खोक्याला मी सरसकट नावे ठेवत नाही. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने कापलेला पक्षी अंगणात पडला, तर पुठ्ठ्याचा खोकाच सर्वांत चांगला. बोटभर रुंद भोके चारी बाजूंना पाडावीत, तळाला कापड घालावे, झाकण लावावे. आतील अंधारामुळे पक्षी शांत राहतो. पण हे गावातल्या गावात, अर्ध्या तासाच्या आत पोहोचण्यासाठी. दोन-अडीच तासांच्या प्रवासाला पुठ्ठा चालत नाही. तो ओला होतो, पोपट तो कुरतडतो आणि आत काय चालले आहे हे आपल्याला दिसत नाही.

पेटीची सवय

पेटी आणली आणि त्याच दिवशी पक्ष्याला आत कोंबले, तर सर्वांत चांगली पेटीही निरुपयोगी ठरते. घाबरलेल्या पक्ष्याचे हृदय आधीच जोरात धडधडत असते, त्यात उष्णतेचा व धक्क्यांचा ताण पडतो.

निदान दोन आठवडे आधी पेटी दार उघडून पिंजऱ्याजवळ ठेवावी. दोन-तीन दिवसांनी दारात त्याचा आवडता खाऊ ठेवावा : राळ्याचे कणीस, मक्याचे दाणे, पेरूची फोड. मग खाऊ आतल्या दांडीजवळ सरकवावा. पक्षी स्वतःहून आत जाऊ लागला की क्षणभर दार लावून लगेच उघडावे. पुढे पेटी उचलून घरातल्या घरात फिरवावी, मग गल्लीच्या टोकापर्यंत न्यावी. घाई करू नये, रागावू नये. हे काम घरातील मुले फार आवडीने करतात.

आजारपण सांगून येत नाही. म्हणून पक्षी घरी आला त्याच महिन्यात पेटीही यावी आणि ती माळ्यावर न टाकता पक्ष्याच्या नजरेसमोर असावी.

प्रवासाच्या दिवशी

उन्हाळ्यात पहाटे निघून सकाळी आठच्या आत पोहोचावे, नाहीतर सूर्य मावळल्यावर निघावे. डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली, तर सरळ बदलून मागावी. यात संकोच करू नये.

निघण्यापूर्वी पक्ष्याला उपाशी ठेवू नये. नेहमीचे खाणे थोडे द्यावे. पेटीत पाण्याची वाटी ठेवू नये, ती सांडून पक्षी भिजतो. त्याऐवजी काकडीची किंवा टरबुजाची फोड ठेवावी, तहान भागते. गाडी थांबेल तेथे लहान वाटीतून पाणी दाखवावे. अॅव्होकॅडो व चॉकलेट पोपटाला विषारी आहेत. प्रवासाचा खाऊ म्हणून कोणी देऊ केला तरी घेऊ नये.

एस.टी.त पेटी मांडीवर किंवा दोन पायांमध्ये सावलीत ठेवावी. टपावर, डिकीत किंवा इंजिनाच्या झाकणाजवळ नको. वर ओले जाड फडके टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने छिद्रे बुजतात आणि आतली हवा दमट होते, म्हणून ते टाळावे. मोटारीत पेटी मागच्या सीटवर ठेवून पट्ट्याने बांधावी. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून पक्ष्याला बंद मोटारीत ठेवून जाऊ नये. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील तापमान दहा-पंधरा मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी वाढू शकते. दुचाकीवर मागे बसणाऱ्याने पेटी दोन्ही हातांनी मांडीवर धरावी, हँडलला अडकवू नये.

पक्ष्याच्या फुप्फुसांना धूर व उग्र वास फार लवकर बाधतो. गाडीतील अत्तराची कुपी काढून ठेवावी, उदबत्ती लावू नये, कोणाला धूम्रपान करू देऊ नये.

रेल्वेने किंवा विमानाने जायचे असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच पार्सल कार्यालयात किंवा विमान कंपनीकडे चौकशी करावी. विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात; काही पक्षी घेतच नाहीत. पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र बहुधा मागितले जाते. ज्या प्रवासात पक्षी आपल्या नजरेआड तासन्‌तास राहणार, तो टाळता आला तर टाळावा. लग्नाकार्यासाठी चार दिवस जायचे असेल, तर पक्षी बरोबर नेण्यापेक्षा माहितीच्या शेजाऱ्याकडे ठेवणे केव्हाही चांगले. आणि लक्षात असू द्या : प्राण्याला त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसारही अपराध आहे.

धाप लागली तर

चोच उघडी, श्वास जलद, पंख अंगापासून दूर, श्वासाबरोबर शेपूट वरखाली हलते आहे, ही उष्णतेच्या त्रासाची लक्षणे समजावीत. लगेच सावलीत थांबावे, पेटीवरील कापड काढावे, पुठ्ठ्याने हळू वारा घालावा. पाय व पंखांखालची जागा साध्या पाण्याने ओली करावी. बर्फ किंवा फ्रिजचे पाणी वापरू नये. पाणी समोर धरावे, पण चोच उघडून ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते आणि बरा होणारा पक्षी दगावतो. दहा मिनिटांत धाप कमी न झाल्यास जवळचा कोणताही पशुवैद्यक गाठावा, नागपूरची वाट पाहू नये.

पेटी आणि माणसाचे आरोग्य

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. पोपटापासून माणसाला होणारा एक आजार आहे. त्याला सिटॅकोसिस किंवा पोपटज्वर म्हणतात. क्लॅमिडिया सिटॅसी नावाचे जंतू पक्ष्याच्या विष्ठेतून व नाकातील स्रावातून बाहेर पडतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की माणसाला लागण होते. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी नेलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत याची मोठी साथ आली होती. वरून निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या अंगातही हे जंतू असू शकतात. आणि गर्दी, उपासमार, प्रवास असा ताण पडला की तो ते अधिक प्रमाणात बाहेर टाकतो. म्हणजे वाईट पेटी ही पक्ष्याइतकीच ती साफ करणाऱ्या माणसालाही घातक.

घाबरून जाण्याचे कारण नाही. हा आजार वारंवार आढळणारा नाही व वेळेवर ओळखल्यास प्रतिजैविकांनी बरा होतो. पण काळजी घ्यावी. प्रवासाहून आल्यावर पेटी कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपडून कागद ओला करावा, तो गुंडाळून टाकावा, मग साबणाच्या पाण्याने पेटी धुऊन उन्हात वाळवावी. नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क बांधावा, नंतर हात साबणाने धुवावेत. गर्भवती, वृद्ध व दम्याच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. पक्षी हाताळल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी व कोरडा खोकला सुरू झाला, तर आपल्या डॉक्टरांना “घरी पोपट आहे” हे आवर्जून सांगावे. डॉक्टर प्रत्येक रुग्णाला ते विचारतीलच असे नाही.

थोडक्यात

पेटी बंद भिंतींची पण खेळत्या हवेची, पक्ष्याला वळता येईल एवढीच, स्टीलच्या जाळीची, खाली पक्क्या दांडीची आणि बाहेरून कडीची असावी. ती गरज पडण्यापूर्वी घरी असावी आणि पक्ष्याला तिची सवय असावी. प्रवास थंड वेळी करावा. परतल्यावर पेटी ओली करूनच साफ करावी.

पावसाळा सुरू झाल्यावर हिंगणघाटच्या आजोबांचा पुन्हा फोन आला. नातीसाठी दुसरा कॉकॅटील घ्यायचा विचार होता. मी काही बोलण्यापूर्वीच ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पक्षी नंतर आणतो. पेटीची मापं सांगा, सुतार समोर बसला आहे.” मी मापे सांगितली. तीच वर दिली आहेत.